बोलायची परवानगी

आम्हा कोल्हापूरकरांना गोवा म्हणजे आजऱ्यावरून आंबोली घाट उतरला की आलाच! पण १९६१ पर्यंत तिथं सालाझारशाही होती. सभा घ्यायलाही परवानगी लागायची.

१८ जून १९४६ ला मडगावात डॉ. लोहिया विनापरवाना बोलायला उभे राहिले आणि लगेच पकडले गेले. १९५४ साली म्हापशात एका मेजवानीत कुणीतरी गोव्याला पोर्तुगालचा भाग म्हटलं. डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी नुसता निषेध नोंदवला, तर अटक!

खरी गंमत पुढे आहे. गोवा मुक्त झाल्यावर सात वर्षांनी, १७ एप्रिल १९६९ ला, खुद्द पोर्तुगालात कोइंब्रा विद्यापीठात राष्ट्राध्यक्ष इमारतीच्या उद्घाटनाला आले. आल्बेर्तु मार्तिन्श या विद्यार्थ्यानं उभं राहून बोलायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही, रात्री अटक मात्र झाली. मग मुलांनी परीक्षांवर बहिष्कार टाकला, लोकांना फुलं वाटली. कित्येकांना सक्तीनं सैन्यात धाडलं गेलं.

गोवा सैन्यानं सोडवला, १९७४ ला ती हुकूमशाहीही सैन्यानंच उलथली. मग या पोरांनी काय मिळवलं? मला वाटतं, एवढी मोठी सत्ता एका साध्या प्रश्नाला घाबरते, हे त्यांनी भर सभेत सगळ्यांना दाखवलं. एकदा दिसलेलं असं भय लोक विसरत नाहीत.