समूहाने दुचाकी सफर : नवख्यांसाठी दक्षता
मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने लोणावळ्याकडे निघणारे दुचाकीस्वारांचे गट जुन्या महामार्गाने जातात. घाटात मागे पडलेला नवखा चालक इतरांना गाठण्यासाठी वेग वाढवतो आणि तेथेच अपघाताचा धोका संभवतो. त्यामुळे गट पाच ते सात जणांचाच असावा. अग्रभागी व अखेरीस अनुभवी चालक असावेत. नवख्याला पहिल्या चालकाच्या लगेच मागे ठेवून त्याच्या कुवतीनुसार वेग ठरवावा. सरळ रस्त्यावर तिरपी रांग धरावी व आपल्या थेट पुढच्या दुचाकीपासून किमान दोन सेकंदांचे अंतर राखावे. वळणावर मात्र एकेरी रांग करावी. ओव्हरटेक एकेकानेच करावे. थांबे निघण्यापूर्वीच ठरवल्यास कोणालाही घाई करावी लागत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार हेल्मेट बंधनकारक आहे.