नास्तिक आणि अज्ञेयवादी म्हणजे कोण?

बोईसर-तारापूरच्या कारखान्यात नोकरीस लागलेला मुलगा एके दिवशी ‘मी नास्तिक आहे’ असे म्हणतो आणि पालघरला घरची मंडळी हादरतात. अशा वेळी त्याला नेमके काय म्हणायचे आहे, हे प्रथम समजून घ्यावे, असे आम्हास वाटते.

प्राचीन भारतीय दर्शनांत वेदांचे प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक. आज मात्र ‘देव नाही’ असे मानणाऱ्यास नास्तिक म्हणतात. देव आहे की नाही हे मानवी बुद्धीला कळणे शक्य नाही, असे म्हणणारा अज्ञेयवादी होय. या अर्थाचा इंग्रजी शब्द थॉमस हक्सले यांनी १८६९ मध्ये घडविला. महाराष्ट्रात गोपाळ गणेश आगरकर (१८५६-१८९५) अज्ञेयवादी म्हणून ओळखले जातात.

‘मला धर्म नाही’ म्हणणे याहून निराळे. शासन कोणासही धर्म जाहीर करण्याची सक्ती करू शकत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. त्यातील अर्जदार प्रभू येशूवर श्रद्धा ठेवणारे, परंतु कोणताही धर्म न मानणारे होते!

ख्रिस्तसभा नास्तिकता नाकारते, नास्तिकाला नव्हे. श्रद्धावंतांचे सदोष आचरण आणि धर्मशिक्षणाकडे झालेले दुर्लक्ष हेही नास्तिकतेचे एक कारण आहे, अशी कबुली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये दिली. म्हणून मुलाला दरडावण्यापूर्वी आपण स्वतःला तपासावे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसल्यास तसे सांगावे. त्याच्याशी बोलणे मात्र थांबवू नये.