धातूसाठी आखलेली वाट, लाकडावर चालणारे यंत्र

संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या राउटरमध्ये फिरता कटर मालावरून ज्या क्रमाने, ज्या दिशेने आणि ज्या खोलीने जातो, त्या आखणीला ‘टूलपाथ’ म्हणतात. हौशी कारागिराच्या टेबलावर लाकूड आणि ॲक्रिलिक कापणाऱ्या छोट्या यंत्राने ही आखणी जशीच्या तशी विमान उद्योगाकडून घेतली; मात्र ती ज्या टनावारी वजनाच्या मिलिंग यंत्रांसाठी आणि ज्या एकजिनसी धातूसाठी घडली, त्यांतले काहीच त्याच्या वाट्याला आले नाही. कापाची प्रत बिघडली की बोट कटरच्या धारेकडे दाखवले जाते, पण पुष्कळ दोषांचे मूळ या अर्ध्यामुर्ध्या वारशात आहे.

कापाचे शास्त्र अर्थातच संगणकापेक्षा जुने आहे. फ्रेडरिक टेलर याने सुमारे 26 वर्षे धातू कापण्याचे प्रयोग करून 1906 साली अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांचे निष्कर्ष मांडले, तेव्हा वेग, फीड (म्हणजे हत्यार पुढे सरकण्याची गती) आणि कापाची खोली यांचे परस्परसंबंध त्याने गणितात बसवले. हत्याराची थरथर, म्हणजे ‘चॅटर’, मात्र त्यालाही सर्वांत गूढ वाटली होती. हत्याराने कोणत्या वाटेने जावे हा प्रश्न त्या काळी कागदावर येतच नव्हता, कारण ती वाट यंत्राचे चाक फिरवणाऱ्या कारागिराच्या हातात होती.

ती हातातून आकड्यांत आली 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात, मिशिगनमधील ट्रॅव्हर्स सिटी येथे. हेलिकॉप्टरच्या पंख्याची पाती बनवणारे जॉन पार्सन्स आणि त्यांचे सहकारी फ्रँक स्ट्युलेन यांनी पात्याच्या वक्राकाराचे टेम्प्लेट करताना, मोजक्या बिंदूंवरून हाताने वक्ररेषा ओढण्याऐवजी, पंचकार्डावर चालणाऱ्या आयबीएमच्या गणनयंत्राकडून 200 बिंदूंचे स्थान काढून घेतले. कटर प्रत्येक बिंदूवर नेऊन कापायचा आणि दोन कापांमध्ये उरलेले कंगोरे कानशीने घासून काढायचे, अशी ती रीत होती. आजही गोल टोकाच्या कटरने लाकडात उठावाचे काम केले की दोन फेऱ्यांमधले असेच कंगोरे उरतात, आणि ते पॉलिश पेपरने घालवायचे की फेऱ्यांमधले अंतर कमी करून यंत्राचा वेळ खर्चायचा, हा हिशेब पार्सन्स यांच्या कारखान्यातलाच आहे.

1949 मध्ये अमेरिकी हवाई दलाने पार्सन्स यांना कंत्राट दिले, त्यातून एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेने 1952 साली छिद्रित फितीवर चालणारे मिलिंग यंत्र दाखवले, आणि 1959 मध्ये डग्लस रॉस यांच्या गटाने ‘एपीटी’ ही भाषा जाहीर करताना पत्रकारांना तिच्या साहाय्याने कापलेले ॲल्युमिनियमचे रक्षापात्र भेट दिले. कटर कडेच्या डावीकडून जाईल की उजवीकडून, हे या भाषेत आज्ञा देऊन सांगता येत होते. ही बाब किरकोळ वाटते. कापाच्या दृष्टीने ती निर्णायक आहे. कटरचे दात फीडच्या उलट दिशेने कापत गेले तर त्यास ‘अप मिलिंग’ आणि फीडच्याच दिशेने कापत गेले तर ‘डाऊन मिलिंग’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात फिनिश सहसा चांगले येते, पण कटर मालाला ओढून घेत असल्याने, साध्या आट्यांच्या स्क्रूमधील ढिलाईमुळे जुन्या यंत्रांचे टेबल हिसका खात असे. जवळजवळ ढिलाई नसलेले बॉल-स्क्रू आल्यावर ही भीती बरीच ओसरली.

2009 मध्ये सिमेन स्वाले स्कॉग्सरूड यांनी आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डासाठी लिहिलेली ‘जीआरबीएल’ ही मुक्त प्रणाली आणि त्यानंतर 2011 च्या सुमारास आलेली शेपोकोसारखी स्वस्त यंत्रे यांमुळे ही सगळी विद्या घरात पोहोचली. तिच्यासोबत जुने दोषही परतले. 18,000 फेरे, दोन दातांचा कटर आणि मिनिटाला 1,800 मिमी फीड असेल तर प्रत्येक दात 0.05 मिमी जाड चीप काढतो. पण कोपऱ्यावर हलके यंत्र वळण्यासाठी मंदावते, फेरे तेवढेच राहतात, चीप पातळ होत जाऊन दात कापण्याऐवजी घासू लागतो आणि लाकडावर काळा डाग उमटतो. त्याच कोपऱ्यात दुसरीही अडचण असते: कटरच्या निम्म्या व्यासाएवढा पट्टा घेत सरळ जाताना 90 अंशांत असलेला त्याचा मालाशी संपर्क आतल्या काटकोनात 180 अंशांच्या जवळ पोहोचतो, कटर वाकतो आणि थरथरीच्या रेघा उठतात. संपर्काचा कोन सतत आटोक्यात ठेवून वळणे घेणाऱ्या ‘ॲडॅप्टिव्ह’ वाटा या दोषावर काढलेल्या आहेत, आणि त्या कणखर यंत्रापेक्षा लवचीक यंत्राला अधिक उपकारक ठरतात. कडेलगत अर्धा मिलिमीटर माल राखून शेवटची एकच हलकी फेरी मारण्याची रीतही त्याच कारणाने टिकून आहे.

लाकडाच्या तंतूंना मात्र या परंपरेत जागाच नव्हती, कारण ॲल्युमिनियमला तंतू नसतात. सपाट फळीतून गोल तबकडी कापताना कटर एकाच दिशेने फिरत गेला तर समोरासमोरच्या दोन चतुर्थांशांत कड गुळगुळीत येते आणि उरलेल्या दोहोंत तंतू उचकटून कपच्या निघतात. तेवढ्या भागासाठी उलट दिशेची वेगळी फेरी आखावी लागते, आणि ती कुठे हवी हे फळी पाहून कारागिरालाच ठरवावे लागते.