प्रस्तावना: आकडा, जमीन आणि सही

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते: सीईटीला पर्सेंटाइल किती, कॅप राउंडला कॉलेज कुठलं, कॉम्प्युटर घ्यायचं की मेकॅनिकल. ब्रँच ठरते, फी भरली जाते, आणि इंजिनीअर दिवसभर नेमकं करतो काय, हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. हे पुस्तक त्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी लिहिलं आहे. उदाहरणं मुद्दाम रत्नागिरी जिल्ह्यातली घेतली आहेत. ती एसटीने जाऊन पाहता येतात, आणि पाहिलेलं लक्षात राहतं.

कोकण रेल्वेचा पानवलचा पूल घ्या. लांबी सुमारे 424 मीटर, उंची 64 मीटर. एवढ्या खोल दरीत तळापासून परांची उभारून स्लॅब ओतायचा म्हणजे खर्च आणि धोका दोन्ही अफाट. म्हणून पुलाचा डेक काठावर तुकड्यातुकड्याने ओतला आणि हायड्रॉलिक जॅकने खांबांवरून पुढे ढकलत नेला. भारतात ही पद्धत तेव्हा नवी होती. आता पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स आठवा: एकाच टोकाला आधार असलेल्या तुळईची लांबी दुप्पट केली, की तिच्या स्वतःच्या वजनाचा बेंडिंग मोमेंट चौपट होतो. पुढे सरकणारा डेक पुढचा खांब गाठेपर्यंत असाच अधांतरी असतो. म्हणून या पद्धतीत त्याच्या तोंडाशी हलकं पोलादी नाक बसवतात. शिवाय डेकचा जो भाग आत्ता खांबावर आहे, तोच थोड्या वेळाने दोन खांबांच्या मधोमध येतो. खांबावर असताना त्याची वरची बाजू ताणली जाते, मधोमध आल्यावर खालची. काँक्रीट दाब सोसतं, ताण फारसा सोसत नाही. तेव्हा आतल्या पोलादी केबल दोन्ही अवस्थांचा विचार करून ताणाव्या लागतात. पूल उभा राहिल्यावर काय होईल एवढ्याचाच हिशेब पुरत नाही. तो उभा राहत असताना रोज काय होईल, त्याचाही करावा लागतो.

पण आकडा बरोबर आला म्हणजे काम झालं नाही. गणित पुण्यात आणि रत्नागिरीत एकच असतं, जमीन मात्र एक नसते. आपला जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, उघड्यावर राहिला की टणक होतो. तो सच्छिद्र असल्याने पाणी खाली झिरपतं आणि त्याच्याखालच्या चिकण मातीच्या थरावर अडतं. त्या पाण्याच्या दाबाने मातीची पकड सुटते आणि उतार कोसळतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात रेल्वेचं कटिंग किंवा घाटरस्ता आखताना उताराइतकाच गटाराचाही विचार करावा लागतो. कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लावते, गाड्यांचा वेग कमी ठेवते आणि रुळांवर गस्त घालते. हाही अभियांत्रिकीचाच भाग आहे.

हवेचंही तसंच. भारतीय मानक 456 नुसार सौम्य हवामानात सळईवर 20 मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर चालतं. समुद्राचे तुषार जिथे लागतात तिथे ते 50 मिलिमीटर लागतं. खारं पाणी सळईपर्यंत पोचलं की ती गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. स्लॅब भरण्याआधी कव्हर ब्लॉक जागेवर आहेत की पायाखाली सरकलेत, हे वाकून बघणं हे इंजिनीअरचंच काम.

एकट्या सिव्हिलवर कुठलंच मोठं काम उभं राहत नाही. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं तेव्हा बोगदा सिव्हिलचा, टर्बाइन मेकॅनिकलचं, जनित्र इलेक्ट्रिकलचं असतं; आणि कुठला संच कधी चालवायचा, यासाठी आता इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरची माणसं लागतात. तुमची ब्रँच कुठलीही असो, शेजारच्या ब्रँचचं ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे.

नोकरीत शिरल्यावर कळतं की निम्मा वेळ कागदांत जातो: एस्टिमेट, टेंडर, मोजमापाची नोंद, बिल, सात आणि अठ्ठावीस दिवसांचे क्यूबचे निकाल. याला कारकुनी म्हणून नाक मुरडू नका. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवऱ्याचं मातीचं धरण फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. मातीचं धरण थोडं पाझरतंच. पाझर स्वच्छ आणि तेवढाच राहिला तर सहसा चिंता नसते. गढूळ होऊन वाढू लागला तर पाणी आतली माती घेऊन निघालंय, असं समजावं. हा फरक कळण्यासाठी पाझर नियमित मोजावा लागतो, लिहून ठेवावा लागतो, आणि त्या नोंदीखाली कुणाची तरी सही असावी लागते. त्या सहीची किंमत आकडेमोडीपेक्षा कमी नाही.

पुस्तक वाचताना प्रकरणांचा क्रम पाळायलाच हवा असं नाही. गणिताची धास्ती असेल तर साहित्य आणि माती यांच्या प्रकरणांपासून सुरुवात करा. गणिताची गरज का पडते हे तिथेच कळेल आणि मग ते सोपं जाईल. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी पाहायला जाण्याजोगं एक ठिकाण दिलं आहे. तिथे परवानगी घेऊन जा, वही न्या, आणि अनुभवी मुकादम भेटला तर त्याला प्रश्न विचारायला लाजू नका. पुस्तकातलं एखादं विधान प्रत्यक्ष जागेवर पटलं नाही, तर तेही वहीत लिहा आणि वर्गात मांडा. या क्षेत्रात नव्या माणसाकडून एवढीच अपेक्षा असते. या, तुमचं स्वागत आहे.