मोटरहोम: आधी काटा, मग पाना

अमेरिकेत मोटरहोम विकत घेतलेल्या किंवा भाड्याने चालवलेल्या कोणालाही महामार्गाबद्दल विचारा, तक्रार एकच ऐकू येते: गाडी सरळ चालत नाही. शेजारून अठरा चाकी ट्रक गेला की ती आधी बाहेर ढकलली जाते, मग आत ओढली जाते. वारा सुटला की स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून बसावे लागते आणि दोनशे मैलांत खांदे भरून येतात. तक्रार खरी आहे. तिच्यावर जो उतारा सगळीकडे सांगितला जातो, तो मात्र मला पटत नाही.

पूर्वपक्ष असा आहे. मोटरहोम म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर चढवलेली उंच पेटी, तेव्हा ती डोलणारच. डोलते याचा अर्थ ताठरपणा कमी पडतो, आणि ताठरपणा बाजारात मिळतो. जाड अँटी-रोल बार घ्या, स्प्रिंगच्या पाट्यांना रबरी टेकू द्या, मागे पॅनहार्ड रॉड (अॅक्सल आणि सांगाडा आडवे बांधणारी दांडी) बसवा, स्टिअरिंगला डँपर लावा, शॉक अॅब्सॉर्बर भारी प्रतीचे टाका आणि टायरवर छापलेल्या कमाल आकड्याइतकी हवा भरा. हा सगळा संच एका दिवसात बसवून देणारी दुकाने आहेत आणि तिथून बाहेर पडलेले मालक बहुधा खूशही असतात. म्हणजे हा पक्ष निराधार नाही. त्याच्यामागे तर्क आहे, अनुभवही आहे.

पण त्या तर्काने तीन वेगळे दोष एका नावाखाली कोंबले आहेत. पहिला दोष कलण्याचा: पंपावरून रस्त्यावर उतरताना किंवा वळणावर गाडी एका अंगाला झुकते. दुसरा सरकण्याचा: चाके जागेवर असतात, पण पाटे आणि त्यांचे बुश लवचीक असल्यामुळे वरचा सांगाडा अॅक्सलच्या मानाने आडवा हलतो आणि गाडीचे शेपूट हलल्याचा भास होतो. तिसरा भरकटण्याचा. इथे गाडी ना कलते ना सरकते, फक्त आपली रेघ धरत नाही, आणि चालकाला दर दोन सेकंदांनी बोटभर दुरुस्ती करावी लागते. खांदे भरून येतात ते मुख्यतः या तिसऱ्या दोषाने. अँटी-रोल बार काम करतो तो एका बाजूचे चाक दुसऱ्या बाजूपेक्षा वर-खाली झाले तरच. सरळ रस्त्यावर भरकटणाऱ्या गाडीखाली तो नुसता लोखंडाचा भार आहे.

गाडी सरळ का धावते, हा प्रश्न जुना आहे. १९४० साली जर्मनीत रीकर्ट आणि शुंक या दोघांनी त्याचे एक फार साधे गणित मांडले. पुढची दोन चाके मिळून एक, मागची मिळून एक, अशी जवळपास सायकलच त्यांनी कागदावर काढली. पुढे १९५६ मध्ये अमेरिकेत लिओनार्ड सेगेल यांनी त्या गणितात कलण्याचा भाग घातला. पण सरळ रेषेतल्या स्थैर्याचा गाभा पहिल्याच गणितात होता आणि त्या कागदावरच्या गाडीला उंचीच नव्हती. पाटेही नव्हते. होते ते एवढेच: पुढच्या अॅक्सलवर वजन किती, मागच्यावर किती, दोहोंतले अंतर किती, आडवा जोर आल्यावर पुढचे आणि मागचे टायर कितपत हटून बसतात, आणि वेग किती. मागच्या टायरांच्या कुवतीच्या मानाने मागचे ओझे वाढत गेले की वेगाबरोबर गाडी चंचल होत जाते, एवढा त्याचा निष्कर्ष. भरकटण्याचा इलाज शोधायचा तर आधी याच पाच गोष्टींत शोधायला हवा. पूर्वपक्षाच्या यादीतली हवा सोडली तर बाकी सारी सामग्री या पाचांच्या बाहेरची आहे, आणि जी एक आतली आहे ती चुकीच्या आकड्यावर भरली जाते!

आता ओझ्याचे पाहू. मागे जास्त भरलेली बैलगाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते, हे आपल्याकडे शेतावर वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. मोटरहोमचे तेच होते, फक्त जू उचललेले दिसत नाही, ते स्टिअरिंगच्या हलकेपणातून कळते. अनेक गाड्यांत घराचा बराच भाग मागच्या अॅक्सलच्याही मागे लोंबतो, आणि पलंग, मोठे सामानखण, कधी पाण्याची टाकीही तिथेच असते. समजा दोन अॅक्सलमधले अंतर साडेचार मीटर आहे आणि मागच्या अॅक्सलपासून तीन मीटर मागे तुम्ही २०० किलो टांगले: सायकली, जनरेटर, एखादी स्कूटर. तर मागच्या अॅक्सलवर २०० नव्हे, ३३३ किलो वाढतात आणि पुढच्या अॅक्सलवरून १३३ किलो उचलले जातात. दिशा देणाऱ्या चाकांवरचे वजनच गेले, तर स्टिअरिंगला कितीही महागडा डँपर लावा, तो कशाला आवर घालणार?

यावर आक्षेप येतो की हे इतके उघड असेल, तर बनवणाऱ्यांना कळत नाही का? कळते, पण बनवणारे दोन आहेत. फोर्ड सांगाडा बनवते. मोठ्या, बसच्या तोंडवळ्याच्या गाड्यांसाठी एफ-५३ आणि व्हॅनच्या केबिनमागे घर असलेल्या गाड्यांसाठी ई-४५० हे तिचे सर्वांत परिचित सांगाडे. घर चढते ते दुसऱ्या कारखान्यात, बहुतेकदा इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या परिसरात. सांगाड्याची चाके रेषेत लावली जातात तेव्हा वर घर नसते, आणि घर चढते तेव्हा आत पाणी, भांडी, माणसे नसतात. पूर्ण भरलेली गाडी पहिल्यांदा पाहतो तो मालक, आणि त्याच्याजवळ काटा नसतो.

काटा मात्र दूर नसतो. १९७७ साली आयोवातल्या वॉलकॉट गावी सुरू झालेल्या कॅट स्केल कंपनीचे वजनकाटे आज अमेरिकेतल्या ट्रक थांब्यांवर ठिकठिकाणी आहेत. पुढच्या आणि मागच्या अॅक्सलचे वजन वेगवेगळे लिहिलेली पावती थोड्या डॉलरांत मिळते. त्याच्या पुढे जायचे तर प्रत्येक कोपरा वेगळा तोलावा, कारण एका बाजूला ओटा, फ्रिज आणि बाहेर सरकणारी खोली असते, दुसरीकडे नुसता सोफा. एस्केपीज या मोटरहोमवाल्यांच्या जुन्या क्लबात असे चारही कोपरे तोलून मिळतात. हजारो डॉलरांचे सामान लावणाऱ्या किती मालकांकडे ही पावती असते, ते विचारून पाहण्यासारखे आहे.

पावती हातात आली की हवेचा प्रश्न बराचसा सुटतो. ई-४५० वरचा नेहमीचा टायर एलटी२२५/७५आर१६, ई श्रेणीचा. त्याच्या बाजूवर ८० पीएसआय छापलेले असते. पण तो आकडा एकेरी चाकावर २,६८० पौंड पेलण्यासाठी आहे. पुढच्या अॅक्सलवर दोन्ही मिळून चार हजार पौंडच असतील, तर टायर कंपनीच्या भारतक्त्यात बरीच कमी हवा निघते. जास्त हवेने पुढचा टायर मध्यावर फुगतो, रस्त्याला कमी टेकतो, प्रत्येक सांध्यावर उडतो आणि गाडी भरकटते. उलट मागच्या भारलेल्या टायरांत कमी हवा असली तर त्यांच्या कडा लवतात, आज्ञा उशिरा पोचते, शेपूट मागून येते, शिवाय टायर तापतो तो वेगळाच. म्हणून अॅक्सलच्या जड बाजूचे वजन धरायचे, तक्त्यातला आकडा पाहायचा, थोडी पुस्ती ठेवून दोन्ही बाजूंना सारखी हवा भरायची, आणि तीही सकाळी, चाके गार असताना. दारावरच्या पट्टीतला आकडा गाडी कमाल भरलेली आहे असे धरून दिलेला असतो. वजन माहीत नसेल तर तोच पाळावा. (आपल्याकडे समृद्धी महामार्गावर जाण्याआधी उन्हाळा आहे म्हणून चार पॉइंट हवा काढून टाकणारे भेटतात. त्यांचा अपसमज या अमेरिकी अपसमजाच्या बरोबर उलटा आहे, आणि जास्त धोक्याचाही.)

मग त्या पाचांच्या बाहेरचे, पण पुढच्या चाकांच्या रोखाचे काम: अलाइनमेंट, भरलेल्या गाडीचे. ई-४५० च्या पुढे फोर्डची जुनी ट्विन-आय-बीम रचना आहे. तिच्यात गाडी खाली बसली की चाकांचा कल आणि रोख दोन्ही बदलतात, म्हणून रिकाम्या गाडीवर लावलेली रेष भरलेल्या गाडीला लागू पडत नाही. सरळ धावण्यासाठी सर्वांत मोलाचा कोन कॅस्टरचा. चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष मागे झुकलेला असला की चाक आपोआप सरळ येऊ पाहते. मोटरहोमांवर हात बसलेले कारागीर हा कोन पाच अंशांच्या आसपास नेतात. ई-४५० ला त्यासाठी वेगळे बुश लागतात, एफ-५३ ला पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये पाचर. दोन्ही स्वस्तातली कामे आहेत, आणि दुकानाच्या काचेवर टांगून विकता येत नाहीत म्हणून कोणी त्यांची जाहिरात करत नाही. संपलेले टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंग बॉक्समधला झोल याच वेळी पाहून घ्यावा. तो राहिला तर पुढचे सगळे फुकट.

आता खूश मालकांचे काय? त्यांचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. पण संच बसवणारे चांगले दुकान त्याच दिवशी झिजलेले बुश बदलते, मेलेले शॉक काढते, अलाइनमेंट करते, हवा तपासते. पाच गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय सर्वांत महाग वस्तूच्या नावावर जाते. स्टिअरिंगच्या डँपरबाबत तर शंका आणखी पुढची आहे. साधा डँपर चाकाला मध्यावर आणत नाही, तो फक्त हालचाल मंद करतो. म्हणजे दोष तिथेच राहतो, हाताला येणारा निरोप बंद होतो. मध्यावर आणणारे स्प्रिंगचे प्रकार आहेत आणि पुढचा टायर फुटला तर ते चाकाची ओढ थोडी रोखतात, हा त्यांच्या बाजूचा खरा मुद्दा. परंतु कॅस्टरने जे काम फुकट करायचे ते स्प्रिंगकडून करून घेणे हा उलटा व्यवहार आहे.

मागचा अँटी-रोल बार तर कधी नुकसानही करतो. तो वळणावरचा भार मागच्या बाहेरच्या चाकांवर अधिक टाकतो, त्यामुळे मागच्या टायरांची एकूण पकड घटते. ज्या गाडीचे मागचे अंगच आधी दमलेले आहे, तिला हे नको असते. बारची खरी जागा आहे ती खरोखर कलणाऱ्या गाडीत, आणि तिथेही एफ-५३ वाल्यांनी आधी खाली वाकून पाहावे. बऱ्याच एफ-५३ वर बारच्या टोकांना दोन-दोन भोके असतात. जोडदांडी आतल्या भोकात घातली की तोच बार जास्त ताठ होतो, खर्च एका पान्याचा. पॅनहार्ड रॉडला मात्र माझा विरोध नाही. ट्रक गेल्यावर शेपूट सरकत असेल तर त्या दोषावर तोच इलाज आहे. फक्त दोष तोच आहे, हे आधी ठरवावे.

उरला उंच पेटीचा मुद्दा. उंची गौण आहे असे कोणी म्हणणार नाही, पण १९७३ ते १९७८ या काळात जनरल मोटर्सने बनवलेले जीएमसी मोटरहोम पाहावे. तेही घरच होते, लांबीला २६ फुटांपर्यंतचे. इंजिन आणि ओढ दोन्ही पुढे, ओल्ड्समोबिल टोरोनॅडोच्या धर्तीवर. मागे जाणारा शाफ्टच नसल्याने जमीन रस्त्यापासून सुमारे १४ इंचांवर, आणि मागे हवेच्या फुग्यांवर तोललेली, प्रत्येक बाजूला एकामागे एक अशी चार चाके. तोल वस्तू वाढवून नव्हे, वजनाची जागा बदलून साधला होता. मजा अशी की व्हीलबेस गाडीच्या लांबीच्या ५४ टक्क्यांहून कमी तर गाडी वाईट, असा जो ठोकताळा मोटरहोमवाल्यांत चालतो, त्यात ही नापास होते: १६० इंच भागिले ३१२, म्हणजे ५१. ठोकताळा लांबी मोजतो, ओझे कुठे ठेवले ते मोजत नाही.

भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन यलोस्टोनला निघालेल्या मराठी कुटुंबाची गाडी बहुधा भाड्याची असते. तिला काही बसवता येत नाही, पण वरचे बहुतेक करता येते: तांदळाची पोती, पाण्याचे कॅन मागच्या खणातून काढून अॅक्सलांच्या मध्ये आणणे, हवा पाहणे. आणि एक गोष्ट राहतेच, वेग. वाऱ्याचा झोत तेवढाच असला तरी त्याचा आडवा जोर गाडीच्या वेगाबरोबर जवळपास प्रमाणात वाढतो. ताशी ६५ वरून ५५ मैलांवर आले की तो सुमारे १५ टक्क्यांनी घटतो, आणि त्याच वेळी गाडीचा चंचलपणाही कमी होतो. तीनशे मैलांना त्यासाठी पाऊण तासापेक्षा थोडे जास्त मोजावे लागते. वायोमिंगमध्ये लारामी ते रॉलिन्स या आय-८० च्या पट्ट्यावर वारा फार झाला की हलक्या आणि उंच गाड्यांना रस्ता बंद केल्याचा फलक लागतो. तो लागला की मागे कोणता बार बसवला आहे हे कोणी विचारत नाही. गाडी लारामीलाच लावायची आणि वारा पडेपर्यंत चहा करायचा.