उंदराचे दात आणि हत्तीचा साखळदंड

साल १८०६ च्या आगेमागचं. तुम्ही तंजावरला, सरफोजीराजांच्या छापखान्यात उभे आहात. उकाड्याने सदरा पाठीला चिकटलाय, शाईचा उग्र वास नाकात बसलाय. जुळारी एकेक खिळा उचलून उलटी अक्षरं लावतोय. दोरीवर वाळत घातलेल्या तावाकडे मान वाकडी करून बघा. इसापाच्या गोष्टी! सख्खण पंडितांनी त्या मराठीत आणल्यात आणि पुस्तकाचं नाव आहे ‘बाळबोध मुक्तावली’.

तिकडे पुण्यात पेशवाई अजून शाबूत आहे आणि पोरं धूळपाटीवर पाढे घोकताहेत. छापील मराठी गोष्टी मात्र तमिळ मुलखात निघताहेत. अर्थात हा राजाच तसला. १८०३ मध्ये त्याने बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला. ‘देवेंद्र कुरवंजी’ या नाटकात त्याने जगाचा भूगोलसुद्धा घातलाय. अशा माणसाला कोल्ह्याकडून नीती शिकवणं काय जड!

आता शाळेत चला. मागे भिंतीला टेकून बसा, तुमच्याकडे कुणी बघणार नाही. पंतोजी सिंहाची आणि उंदराची गोष्ट सांगताहेत. जाळ्यात अडकलेला सिंह डरकाळ्या फोडतोय, उंदीर धावत येतो, जाळं कुरतडतो. झालं. पंतोजी तात्पर्याकडे वळतात, तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक शेंडीवाला उठतो.

“पंतोजी, आमची आजी सांगते त्यात सिंह नाही, हत्ती असतात. आणि उंदीर एकटा नाही, पुष्कळ असतात.”

बरोबरच आहे त्याचं. पंचतंत्रात उंदरांची फौज येऊन बांधलेल्या हत्तींचे दोर तोडते. इसाप इथे पोचण्याआधीच त्याच्या गोष्टीचं भावंड घरोघरी नांदतंय. पण दुसऱ्या पोराला भलतीच शंका आलीय. “देवळातल्या हत्तीला तर साखळदंड आहे. उंदीर लोखंड कसं कुरतडणार?” वर्गात एकच गलका. कुणी म्हणतं घूस लागेल, कुणी म्हणतं माहूतच कडी उघडेल. एकजण साखळीची कडी केवढी असते ते दोन्ही हातांनी दाखवतोय आणि शेजाऱ्याच्या डोळ्यात बोट घालतोय. पंतोजी छडी आपटतात. “तात्पर्य लिहा!”

तात्पर्य मुलं लिहितात, निमूट. माझ्या मते धडा त्याआधीच, साखळीच्या कडीपाशी होऊन गेला. त्या गलक्यात दोन गोष्टींची तुलना झाली, पुरावा मागून झाला, आणि ते कुणी शिकवायला गेलं नव्हतं.

मुंबईत १८२८ ला फार थांबू नका. बापू छत्र्यांची ‘इसापनीतिकथा’ निघालीय, इंग्रजीवरून. शाळा चालवणाऱ्यांच्या हाती छापील पुस्तकं आली, म्हणजे परीक्षाही मागून येणारच. बाहेर पडा.

पुण्याला या. ‘नवनीत’ हा जुन्या कवितांचा संग्रह निघून काही वर्षं झालीत. परशुरामपंत तात्या गोडबोल्यांनी तो १८५४ मध्ये काढला. वर्गात रघुनाथ पंडिताचं नलोपाख्यान चाललंय. नळाने सोनेरी हंस धरलाय आणि हंस गयावया करतोय, घरी म्हातारी आई आहे म्हणून. मुलं चालीवर, डोलत म्हणताहेत. शब्द निम्मे कळत नाहीत, पण हंसाचा कळवळा त्यांच्या गळ्यात उतरलाय. खिडकीशी बसलेल्या एकाने तर म्हणता म्हणता दोन्ही मुठी घट्ट आवळल्यात, जणू पाखरू त्याच्याच हातात फडफडतंय.

मास्तर म्हणणं थांबवतात. “अन्वय सांग रे.”

मुठीवाला उठतो. “मास्तर, हंस सोन्याचा होता ना? मग राजाने सोडला कशाला?”

“आधी अन्वय!”

“पण मास्तर, मी असतो तर एक पीस तरी ठेवून घेतलं असतं.”

मागच्या बाकावर खसखस पिकते. हसू नका, तुमच्याकडे बघतील.