ऑनलाइन खेळांतील ॲड-ऑन आणि मोबदल्याचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

मार्च २००९ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळाची निर्माती असलेल्या ब्लिझर्ड एंटरटेनमेंट या अमेरिकन कंपनीने ॲड-ऑन लिहिणाऱ्यांसाठी एक धोरण जाहीर केले. ॲड-ऑन विनामूल्य असले पाहिजेत, ही त्यातील पहिलीच अट होती. ॲड-ऑन म्हणजे खेळाडूंनी स्वतः लिहून मूळ खेळाला जोडलेले लहान-मोठे प्रोग्राम. खेळाचे विश्व, त्यातील पात्रे व नियम कंपनीचे. परंतु पडद्यावरील नकाशे, बटणे, आकडे व सूचना यांची मांडणी या प्रोग्रामांच्या साहाय्याने बदलता येते. असे प्रोग्राम लिहिण्यात शेकडो तास खर्च करणाऱ्याने त्याचे पैसे घ्यावेत की नाही, या प्रश्नावर तेव्हा बराच वाद झाला.

हा वाद वरवर पाहता पैशाचा वाटतो. तथापि त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मालकीचा आहे. जे काम दुसऱ्याच्या निर्मितीबाहेर क्षणभरही उभे राहू शकत नाही, त्यावर ते करणाऱ्याचा हक्क कितपत पोहोचतो, हा तो प्रश्न होय. २००९ च्या धोरणाने तो प्रथम निर्माण केला असे समजणे चूक ठरेल. त्याची पाळेमुळे १९९० च्या दशकात सापडतात.

पूर्वपीठिका

अमेरिकेतील न्यायालयांपुढे या स्वरूपाचा एक महत्त्वाचा खटला आला तो गलूब विरुद्ध निन्टेन्डो हा. गलूब या कंपनीने 'गेम जिनी' नावाचे एक उपकरण विक्रीस आणले होते. निन्टेन्डोच्या यंत्राला ते जोडले की पात्राला मिळणाऱ्या जिवांची संख्या किंवा त्याचा वेग बदलता येई. नवव्या विभागीय अपील न्यायालयाने १९९२ मध्ये गलूबच्या बाजूने निकाल दिला. उपकरणामुळे खेळावर होणारा परिणाम तात्पुरता आहे, त्यातून मूळ कृतीवर बेतलेली कोणतीही स्वतंत्र कृती स्थायी रूपात निर्माण होत नाही, असे न्यायालयाचे मत पडले. येथे विक्री उघडपणे पैसे घेऊनच होत होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

डिसेंबर १९९३ मध्ये इड सॉफ्टवेअरचा 'डूम' प्रसिद्ध झाला आणि परिस्थिती बदलली. या खेळाची सामग्री मूळ प्रोग्रामपासून वेगळ्या फाइलींत ठेवलेली असल्याने खेळाडूंना स्वतःचे नवे टप्पे रचता येऊ लागले. ते बहुधा फुकट वाटले जात. लवकरच अशा टप्प्यांचे संग्रह सीडीवर भरून विकणाऱ्या कंपन्या पुढे आल्या; विझार्डवर्क्सचा 'डी-झोन' हा त्यांतील विशेष गाजलेला संग्रह. दुसरीकडे, हौशी रचनाकारांच्या एका गटाने १९९५ च्या अखेरीस विनामूल्य वाटण्यासाठी सिद्ध केलेला टप्प्यांचा संच इडने ऐन प्रसिद्धीच्या वेळी विकत घेतला व १९९६ मध्ये 'फायनल डूम' या नावाने बाजारात आणला. वाट पाहणाऱ्या खेळाडूंचा हिरमोड झाला व त्यांनी रचनाकारांना दोष दिला. फुकट मिळण्याची सवय आणि कष्टाचे मोल यांतील ताण येथेच प्रथम स्पष्ट दिसतो.

१९९८ चा मायक्रो स्टार विरुद्ध फॉर्मजेन हा निकाल आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. 'ड्यूक न्यूकेम ३डी' या खेळासोबत टप्पे रचण्याचे साधन दिले जाई. मात्र त्याद्वारे केलेले टप्पे इतरांना केवळ विनामूल्यच द्यावेत, अशी परवान्यात अट होती. मायक्रो स्टारने खेळाडूंनी रचलेले ३०० टप्पे एकत्र करून 'न्यूक इट' नावाची सीडी विकली. 'गेम जिनी'च्या निकालाचा आधार घेण्याचा तिचा प्रयत्न त्याच अपील न्यायालयाने अमान्य केला. टप्प्यांच्या फाइलींत दृश्यांचे तपशीलवार व स्थायी वर्णन आहे आणि ड्यूकची कथा पुढे नेण्याचा हक्क मूळ प्रताधिकारधारकाचाच आहे, असे न्यायालयाने ठरविले. दोन कंपन्यांमधील या झगड्यात ते ३०० टप्पे प्रत्यक्ष रचणारे कोठेच नव्हते. निकाल कोणत्याही बाजूने लागला असता तरी त्यांच्या पदरी काही पडणार नव्हते.

वॉरक्राफ्टमधील ॲड-ऑनची व्यवस्था

नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने ॲड-ऑनसाठी अधिकृत दार उघडे ठेवले. ते लुआ या भाषेत लिहावे लागत. ही भाषा १९९३ मध्ये ब्राझीलमधील रिओ द जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात तयार झाली होती. ॲड-ऑनच्या फाइली साध्या मजकुराच्या असत. त्या ठरावीक फोल्डरमध्ये ठेवल्या की खेळ त्या वाचून घेई. त्यामुळे एकाने लिहिलेले दुसऱ्याने वाचावे, त्यातून शिकावे, मूळ लेखकाने काम सोडल्यास तिसऱ्याने ते पुढे चालवावे, अशी परंपरा आपोआप निर्माण झाली.

हे दार किती उघडायचे हे मात्र कंपनीच ठरवीत असे. 'डीकर्सिव्ह' या ॲड-ऑनमुळे सहकाऱ्यांवरील शाप दूर करण्याचे काम खेळाडूने फारसा विचार न करता होऊ लागले, तेव्हा डिसेंबर २००६ मधील बदलांनी अशा स्वयंचलित निर्णयांना आळा घातला. त्याविषयी कुरकुर झाली, पण कोणी हक्काची भाषा फारशी केली नाही, कारण त्यात पैशाचा संबंध नव्हता.

२००८ च्या अखेरीस खेळाच्या वर्गणीदारांची संख्या १ कोटी १५ लाखांवर गेल्याचे कंपनीने जाहीर केले. अमेरिकेत प्रत्येकाची वर्गणी दरमहा सुमारे १५ डॉलर होती. एवढ्या मोठ्या समुदायात एखादे ॲड-ऑन लोकप्रिय झाले की त्याच्या लेखकाचा छंद पूर्णवेळ कामासारखा होई. नव्या आवृत्तीमुळे ॲड-ऑन मोडले की दुरुस्तीची मागणी त्याच दिवशी सुरू होई. 'क्वेस्टहेल्पर' हे कामगिरीच्या ठिकाणाकडे बाणाने वाट दाखविणारे ॲड-ऑन वापरणाऱ्यांना खेळातच देणगीचे आवाहन करीत असे. 'कार्बोनाइट' या नकाशाच्या ॲड-ऑनने आणखी पुढचे पाऊल टाकले. त्याची पूर्ण आवृत्ती पैसे भरणाऱ्यांसाठी होती व विनामूल्य आवृत्तीत जाहिरात दिसे.

मार्च २००९ चे धोरण

या पार्श्वभूमीवर आलेल्या धोरणाने ॲड-ऑनसाठी वा त्याच्या अधिक सोयींच्या आवृत्तीसाठी पैसे घेण्यास मनाई केली. कोड पूर्णपणे वाचता येईल असा असावा, खेळात जाहिरात नसावी आणि खेळात देणगी मागू नये, असेही त्यात बजावले होते. देणगीचे आवाहन ॲड-ऑनच्या संकेतस्थळावर करण्यास हरकत नव्हती. अटी मोडणारे ॲड-ऑन निकामी करण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवला.

समर्थकांचे म्हणणे असे की, वर्गणी भरणाऱ्या खेळाडूला खेळ नीट खेळण्यासाठी पुन्हा तिसऱ्याच कोणाला पैसे द्यावे लागू नयेत; अन्यथा श्रीमंत खेळाडू व इतर असा भेद पडेल. विरोधकांचा प्रश्न असा की, कंपनी ज्या कामामुळे वर्गणीदार टिकवून ठेवते त्या कामाचा मोबदला करणाऱ्याला का मिळू नये? शिवाय खेळाडू ॲड-ऑन एकदा घेतात व पुढे त्याच्या संकेतस्थळाकडे क्वचितच फिरकतात. तेव्हा आवाहन तेथे करा म्हणणे हे न करा म्हणण्यासारखेच होय, असे लेखकांचे म्हणणे होते. 'आउटफिटर' या ॲड-ऑनच्या लेखकाने काम थांबवीत असल्याचे जाहीर केले. 'कार्बोनाइट' पुढे विनामूल्य झाले.

मराठेशाहीतील जमीनधाऱ्याशी परिचित वाचकाला येथे मिरासदार व उपरी यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. उपरी कसत असे, पण जमिनीवर त्याचा वंशपरंपरागत हक्क नसे. तो वर्षाच्या करारावर असे. ॲड-ऑनचा लेखक असाच उपरी होता. फरक इतकाच की उपऱ्याला पिकाचा वाटा तरी मिळत असे.

प्रस्तुत लेखकाच्या मते या धोरणातील सर्व कलमे एकाच तागडीत तोलणे योग्य नाही. कोड उघडा ठेवण्याची अट कठोर असली तरी तिचा लाभ लेखकांच्याच समुदायाला झाला. विक्री करायची म्हटले की कोड दडविणे ओघाने येते, आणि दडविलेला कोड लेखकाबरोबरच संपतो. खेळात देणगी मागण्यावरील बंदी मात्र समर्थनीय वाटत नाही. देणगी ऐच्छिक होती. तीमुळे कोणाची सोय अडत नव्हती. 'ग्लायडर' या प्रोग्रामशी तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होते. तो खेळाडूच्या अनुपस्थितीत स्वतःच खेळत असे आणि सप्टेंबर २००८ पर्यंत त्याचे सुमारे १ लाख २० हजार परवाने विकले गेले होते. त्याविरुद्ध कंपनी न्यायालयात लढली, तेथे खेळाच्या नियमांचाच भंग होत होता. दिशा दाखविणाऱ्या बाणाखाली देणगीची एक ओळ हा तशा प्रकारचा अपराध नव्हे.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये खेळाच्या नव्या आवृत्तीत कामगिरीची ठिकाणे नकाशावर दाखविण्याची सोय कंपनीने स्वतःच दिली. 'क्वेस्टहेल्पर'ची गरज त्यामुळे पुष्कळ कमी झाली. खेळाडूंची नेमकी निकड कोणती, याचा शोध हौशी लेखकांनी विनामोबदला लावून दिला होता, असेच म्हणावे लागेल.

अन्यत्र काय घडले

सर्वच खेळांत हा वाद झाला असे नाही. मायक्रोसॉफ्टच्या 'फ्लाइट सिम्युलेटर'साठी विमाने व विमानतळ तयार करून विकणाऱ्या स्वतंत्र कंपन्या अनेक वर्षे नांदत आल्या आहेत आणि त्यांच्याकडून विकत घेण्यात कोणाला वावगे वाटत नाही. तेथे सामाईक स्पर्धा नाही, मासिक वर्गणीही नव्हती, आणि विक्रीची प्रथा पहिल्यापासून रुळलेली होती. यातील शेवटचे कारण सर्वांत प्रबळ असावे.

प्रथा नंतर बदलू पाहिली तर काय होते, याचे उदाहरण 'स्कायरिम'ने दिले. हा ऑनलाइन खेळ नसला तरी त्याला जोडण्याच्या हौशी रचनांची परंपरा मोठी आहे. २३ एप्रिल २०१५ रोजी व्हॉल्व्ह व बेथेस्डा या कंपन्यांनी त्या विकण्याची सोय सुरू केली. विक्रीतील २५ टक्के रचनाकाराला, ३० टक्के व्हॉल्व्हला व ४५ टक्के बेथेस्डाला, अशी वाटणी होती. एका रचनेत दुसऱ्याचे काम वापरल्याचे उघडकीस येऊन ती लगेच मागे घ्यावी लागली. वर्षानुवर्षे एकमेकांचे काम फुकट घेऊन उभ्या राहिलेल्या रचनांत कोणाचा भाग किती, हे सांगणार कोण? विरोधाच्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि २७ एप्रिलला योजना गुंडाळली गेली. येथे कंपनी पैसे देऊ पाहत होती व खेळाडूच नकार देत होते. २००९ च्या वादातील बाजू या ठिकाणी उलट्या झालेल्या दिसतात.

वॉरक्राफ्टच्या लेखकांनी दरम्यान आडवाटेने मार्ग काढला. पेट्रिऑनसारख्या सेवांद्वारे चाहते त्यांना नियमित रक्कम देऊ लागले. ॲड-ऑन वाटणारे 'कर्सफोर्ज' हे केंद्र २०२० मध्ये ओव्हरवुल्फ या कंपनीकडे गेले आणि तिच्या उत्पन्नातील वाटा लेखकांना मिळू लागला. हे सारे पैसे खेळाच्या पडद्याबाहेर फिरतात; पडद्यावर मात्र जुनीच अट लागू राहिली. २०२५ मध्ये कंपनीने 'मिडनाइट' या विस्तारात ॲड-ऑनना युद्धप्रसंगीची माहिती मिळण्यावर मोठे निर्बंध घालण्याचे जाहीर केले व त्यांची काही कामे स्वतः करण्याची तयारी चालविली. तेव्हा 'वीकऑराज' या बहुवापरात असलेल्या आणि विनामूल्य असलेल्या ॲड-ऑनच्या लेखकांनी त्या विस्तारासाठी आपण आवृत्ती काढणार नसल्याचे कळविले.